अंधार निराळा, धुकं निराळं

आमच्या बेलवलीत थंडीच्या दिवसांत उल्हास नदीच्या अंगाने धुकं उतरतं आणि कर्जतकडून येणारी लोकल रेंगाळते. बँकेत होतो तेव्हा फलाटावर आम्ही सगळे ‘धुकं’ एवढा एकच शब्द उच्चारून घड्याळाकडे बघायचो. हजेरीपटावरच्या लाल रेघेला मात्र तो शब्द पटत नसे.

त्या धुक्याची आठवण परवा भलत्याच ठिकाणी झाली. नात आणि तिच्या मैत्रिणी दिवाणखान्यात सतरंजीवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळत होत्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी १९७४ साली आणलेला हा खेळ. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि अडलं की वीस पैलूंचा फासा टाकायचा. एक भिडू कमी होता म्हणून मला ओढलं. माझ्या वाट्याला आला एक बुटका योद्धा. सोंगटी म्हणून बुद्धिबळातलं प्यादं.

“आजोबा, तुमच्या बुटक्याला काळोखात साठ फुटांपर्यंत दिसतं,” नात म्हणाली. मी खूश! हल्ली मला दिव्याखालीही पेपर धड वाचता येत नाही.

तेवढ्यात शत्रूच्या मांत्रिकाने धुकं पाडलं. नातीने औषधांच्या डब्यातला कापूस पिंजून माझ्या प्याद्यावर ठेवला. आता काही दिसणार नाही म्हणे. मी हरकत घेतली.

“अहो आजोबा, अंधारात उजेड नसतो. धुक्यात तो असतो, पण वाट अडलेली असते.”

पोरीचं बरोबर होतं. मांजराच्या डोळ्यात मागे एक चकचकीत पडदा असतो, तो मिळालेला थोडका उजेड दुसऱ्यांदा वापरतो. पण धुक्यातले पाण्याचे कण उजेड दाही दिशांना उधळून लावतात. सरळ येतच नाही, तर वापरणार काय? पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात गाडीचा मोठा दिवा लावून बघा, समोर पांढरी भिंत उभी राहते.

या खेळात सर्वांत वरची एक दृष्टी आहे. तिला माया कळते, अदृश्य माणूस दिसतो. तीही इथे अडते. कारण धुकं मंत्राने पाडलेलं असलं तरी खोटं नसतं. निभावतो तो फक्त वटवाघळासारखा, डोळ्यांवाचून जाणणारा. रेल्वेनेही हेच केलं. दाट धुक्यात रुळावर फटाके लावून ठेवायचे. चाकाखाली आवाज झाला की चालकाने समजायचं, सिग्नल जवळ आला.

मी महाभारत काढलं. पराशरांनी यमुनेवर सत्यवतीसाठी धुकं निर्माण केलं. त्यातून झालेले व्यास. त्यांनीच पुढे संजयाला दिव्यदृष्टी दिली. मग संजयाला ते धुकं भेदता आलं असतं की नाही?

“संजय कुठल्या आवृत्तीत आहे?” नातीने विचारलं.

एक नियम मात्र माझ्या बँकवाल्या मनाला फार भावला. न दिसणाऱ्या शत्रूवर वार करणाऱ्याचा तोटा धरतात आणि शत्रूलाही तो दिसत नाही म्हणून फायदा. धुक्यात दोघेही आंधळे, तेव्हा दोन्ही नोंदी एकमेकींना खातात आणि फासा एकदाच टाकायचा. जमा-नावे चोख!

त्या रात्री टेबलापाशी बसलो. वर्षभरात मी तिथला दिवा दोनदा बदलला होता, दर वेळी जास्त प्रखर. अक्षरं काही ठळक होईनात, उलट कागदच डोळ्यांवर येई. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगून दोन वर्षं झाली होती. ‘कादंबरी संपू दे’ म्हणत मी टाळत आलो होतो आणि अंधार समजून दिवे वाढवत होतो. खरं सांगायचं तर भीती कादंबरीची नव्हती, डोळ्याला कोणी हात लावण्याची होती.

खेळातलं धुकं फार तर तासभर टिकतं, वारा सुटला तर त्याआधीच विरतं. “आजोबा, तुमची खेळी,” नात सकाळी म्हणाली. मी तिला गुरुवारची तारीख सांगितली. तिने प्यादं कापसासकट उचलून फ्रिजवर ठेवलं.

“बघता येईल तेव्हा पुढे खेळू. आणि थेंब वेळेवर घालायचे हं.”