गृहदेखभाल, उत्तरवयातील : मुंबई उपनगरे

राहते घर सुरक्षित व वापरण्याजोगे ठेवण्यासाठी करावी लागणारी नित्य निगा, लहानमोठी दुरुस्ती आणि घरासंबंधीच्या देयकांची व्यवस्था यांस मिळून गृहदेखभाल म्हणतात. हा विषय सर्व वयांच्या कुटुंबांशी निगडित असला, तरी निवृत्तीनंतर त्यास वेगळे महत्त्व येते. या काळात घरात घालविण्याचा वेळ वाढतो, उत्पन्न बहुधा ठराविक होते आणि शारीरिक बळ कमी होत जाते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इ. मुंबईच्या उपनगरांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. तेथील मध्यमवर्गीय वस्तीचा मोठा भाग सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींत राहतो. १९६० ते १९८५ च्या सुमारास ज्या कुटुंबांनी तेथे सदनिका घेतल्या, त्यांच्या बाबतीत इमारत व मालक यांचे वय बरोबरीने वाढत गेले. इमारतीला मोठ्या दुरुस्तीची गरज पडते त्याच सुमारास सभासदांचे उत्पन्न घटते. उपनगरांतील उत्तरवयीन रहिवाशांच्या गृहविषयक अडचणींचे मूळ बव्हंशी या योगात आहे.

पार्श्वभूमी : मुंबई महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये वाढविण्यात आली. दुसऱ्या विस्ताराने ती पश्चिमेकडे दहिसरपर्यंत व पूर्वेकडे मुलुंडपर्यंत पोहोचली. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला. रेल्वेच्या दोन्ही मार्गांलगत वाढलेल्या या वस्तीत भाड्याच्या चाळींपेक्षा मालकी हक्काच्या सदनिकांचे प्रमाण वाढत गेले. मुंबईत सहकारी गृहनिर्माणाचा पाया रावबहादुर श्री. सु. तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवी येथे १९१५ मध्ये स्थापन झालेल्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेने घातला. पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० व सदनिकांच्या विक्रीचे नियमन करणारा महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम, १९६३ यांमुळे या पद्धतीला कायद्याची चौकट मिळाली.

मुंबई शहर व उपनगरे यांच्यात दुरुस्तीच्या दृष्टीने एक मूलभूत भेद आहे. शहर विभागातील जुन्या भाड्याच्या इमारतींसाठी १९६९ च्या अधिनियमान्वये दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. तेथील इमारतींवर उपकर बसविला जातो आणि त्या निधीतून व शासकीय साहाय्यातून दुरुस्ती केली जाते. उपनगरांतील इमारतींना ही योजना लागू नाही. तेथे दुरुस्तीचा संपूर्ण खर्च मालकांना, म्हणजेच सहकारी संस्थेच्या सभासदांना, स्वतः उभारावा लागतो.

इमारतीचा क्षय : उपनगरांतील बहुतेक इमारती प्रबलित काँक्रीटच्या आहेत. चांगल्या काँक्रीटमधील अल्कधर्मी द्रव्यांमुळे आतील पोलादी सळ्यांना गंज चढत नाही. मात्र हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड सूक्ष्म छिद्रांतून आत शिरून ही अल्कधर्मिता हळूहळू नष्ट करतो. समुद्राच्या सान्निध्यामुळे हवेतील क्लोराइडेही या क्रियेला हातभार लावतात. त्यानंतर पाणी व प्राणवायू पोहोचताच सळ्या गंजू लागतात. गंजाचे घनफळ मूळ पोलादाच्या कित्येक पट असल्याने काँक्रीटला भेगा पडतात, त्याचे पापुद्रे सुटतात आणि भेगांतून अधिक पाणी आत शिरते. सांताक्रूझ येथे वर्षाला २,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. २६ जुलै २००५ रोजी तेथे २४ तासांत ९४४ मिमी. पावसाची नोंद झाली. अशा हवामानात गच्ची, बाहेरच्या भिंती व सांडपाण्याचे नळ ही क्षयाची मुख्य स्थाने ठरतात.

गच्चीवरील गळती थांबविण्यासाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा घालण्याची रीत प्रचलित आहे. जुना कोबा न काढता त्यावर नवा थर चढविल्यास छतावरील भार वाढतो व मूळ दोष झाकला जातो. पत्र्याचे छत घातल्याने पाऊस अडतो, परंतु गंजलेल्या सळ्या पूर्ववत होत नाहीत. गंज चढलेला भाग उघडा करून सळ्या स्वच्छ करणे, त्यांवर संरक्षक लेप देणे, आवश्यक तेथे नव्या सळ्या जोडणे व बहुवारिक मिसळलेल्या गिलाव्याने तो भाग भरून काढणे हा शास्त्रीय उपाय होय. केवळ रंगकाम हा दुरुस्तीचा पर्याय नाही.

मुंबई महानगरपालिका अधिनियमातील ३५३ ब या कलमान्वये ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी, म्हणजे प्रचारातील ‘स्ट्रक्चरल ऑडिट’, बंधनकारक आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची दर ५ वर्षांनी व त्याहून जुन्या इमारतींची दर ३ वर्षांनी तपासणी करावयाची असते. या तरतुदींचे महत्त्व घाटकोपर (पश्चिम) येथील दुर्घटनेने अधोरेखित केले. २५ जुलै २०१७ रोजी तेथील सिद्धी-साई ही इमारत कोसळून १७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत आधाराच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला. खांब, तुळई व छत यांना हात लावणारे कोणतेही काम घरगुती दुरुस्तीत मोडत नाही, हा या घटनेचा बोध होय.

दुरुस्तीची जबाबदारी : कोणती दुरुस्ती संस्थेने करावी व कोणती सभासदाने, हा उपनगरांतील नित्याचा वादविषय आहे. आदर्श उपविधींनुसार आवारातील रस्ते व कुंपणभिंत, बाहेरील जलवाहिन्या, पंप, पाण्याच्या टाक्या, सांडपाण्याची व्यवस्था, जिने, गच्ची व कठडे, बाहेरच्या भिंती, उद्वाहक आणि सदनिकेच्या मुख्य खटक्यापर्यंतच्या विजेच्या तारा यांची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करावयाची असते. पावसाच्या पाण्याची व सामाईक नळांची गळती, तसेच गच्चीतून पाणी झिरपून सर्वांत वरच्या मजल्यावरील छताच्या गिलाव्याचे झालेले नुकसान यांचाही त्यात समावेश होतो. अन्य दुरुस्ती सभासदाने करावयाची असते. वरच्या सदनिकेतील स्नानगृह, शौचालय वा मोरी यांतून खाली होणारी गळती संबंधित सदनिकाधारकांनी आपल्या खर्चाने दूर करावी लागते. म्हणूनच छतावर ओल दिसताच तिचा उगम प्रथम शोधणे आवश्यक असते. ओल केवळ पावसाळ्यात वाढत असेल, तर उगम बाहेर असण्याचा संभव अधिक असतो. ती वर्षभर सारखी राहत असेल, तर नळ वा मोरीचा संशय घ्यावा. तक्रार लेखी द्यावी व पोच घ्यावी. आपसांत मिटत नसलेले वाद प्रकरणपरत्वे उपनिबंधकाकडे किंवा सहकार न्यायालयात नेता येतात.

निधी व वर्गणी : आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम-खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के व सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के वर्गणी सांगितली आहे. जुन्या संस्थांत ही किमान मर्यादाच पुरेशी मानल्याने मोठी अडचण निर्माण होते. उदा., १९७५ मध्ये सदनिकेचा बांधकाम-खर्च ५०,००० रु. धरला असेल, तर दोन्ही निधींची किमान वर्गणी वर्षाला ५०० रु. होते. चाळीस-पन्नास वर्षांनंतरच्या मजुरीच्या व सिमेंटच्या दरांपुढे ही रक्कम नगण्य ठरते. परिणामी मोठी दुरुस्ती निघते तेव्हा प्रत्येक सभासदाकडून क्षेत्रफळानुसार मोठी रक्कम एकदम मागितली जाते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खालील किमान निवृत्तिवेतन १ सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रु. आहे, हे लक्षात घेता कारखान्यांतून व खाजगी कचेऱ्यांतून निवृत्त झालेल्यांवर पडणारा ताण स्पष्ट होतो. हप्त्यांनी वसुली करणे आणि सर्वसाधारण सभेच्या संमतीने प्रत्यक्ष गरजेनुसार वर्गणी वेळीच वाढविणे हे यावरील व्यवहार्य उपाय आहेत. वाढीस विरोध करणारे वृद्ध सभासद बहुधा आजची बचत पाहतात, परंतु पुढे ढकललेली दुरुस्ती त्यांनाच अधिक उतारवयात अधिक खर्चाने करावी लागते.

दुरुस्ती परवडेनाशी झाल्यास पुनर्विकासाचा पर्याय पुढे येतो. सहकार कायद्यातील ७९ अ या कलमाखाली त्यासंबंधी ३ जानेवारी २००९ रोजी व सुधारित स्वरूपात ४ जुलै २०१९ रोजी निर्देश काढण्यात आले. पुनर्विकासाच्या काळात अन्यत्र राहणे, परिचित शेजार व वैद्य दुरावणे आणि नव्या इमारतीचे वाढीव देखभालशुल्क यांचा भार वयस्क सभासदांवर विशेषत्वाने पडतो. तेव्हा करार करताना पर्यायी घराचे भाडे व देखभालशुल्काची तरतूद या बाबींकडे लक्ष देणे इष्ट असते.

घरातील नित्य दुरुस्ती : थोडी हत्यारे व सवय असल्यास पुष्कळशी कामे घरच्या घरी होतात. ठिबकणाऱ्या नळाचे कारण बहुधा झिजलेला वायसर असतो. मुख्य झडप बंद करून तो बदलता येतो. सेकंदाला एक थेंब पडत असेल व २० थेंबांचे १ मिलि. धरले, तर दिवसाला सु. ४.३ लि. पाणी वाया जाते. शौचालयाच्या टाकीतील गळती सहसा दिसत नाही. टाकीत थोडा रंग टाकून काही वेळाने भांड्यात तो उतरतो काय, हे पाहिल्याने ती कळते. छताचा पंखा हळू फिरू लागल्यास अनेकदा त्याचे धारित्र, म्हणजे बाजारातील ‘कंडेन्सर’, क्षीण झालेले असते. ते बदलण्याचे काम माहीतगाराकडून करवावे, कारण वीज बंद केल्यावरही त्यात भार साठून राहू शकतो. जमिनीकडे वीज झिरपताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअर क्षमतेचे संरक्षक उपकरण प्रत्येक घरात असावे व त्यावरील चाचणीची कळ अधूनमधून दाबून पाहावी. गॅसची रबरी सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलावी.

वयस्कांनी स्टुलावर वा खुर्चीवर चढून कामे करू नयेत. या वयात हाडे ठिसूळ झालेली असतात व तोल लवकर जातो. खुब्याचे हाड मोडल्यास दीर्घकाळ अंथरुणास खिळावे लागते. दिवा बदलण्यासाठी वाचविलेली मजुरी त्या मानाने क्षुल्लक असते. उलट स्नानगृहात पकडदांडी बसविणे, गुळगुळीत फरशीवर खडबडीत पट्ट्या लावणे आणि शय्येपासून शौचालयापर्यंत रात्री मंद दिवा ठेवणे ही अल्प खर्चाची कामे सर्वांत आधी करावीत.

देयके : उपनगरांत वीजपुरवठा करणाऱ्या संस्था विभागानुसार भिन्न आहेत. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या ‘बॉम्बे सबर्बन’ कंपनीचे क्षेत्र पुढे रिलायन्सकडे व २०१८ मध्ये अदानी समूहाकडे आले. अंधेरी, बोरिवली व घाटकोपर ही त्यातील ठिकाणे होत. भांडुप व मुलुंड येथे महावितरणचा पुरवठा आहे. उपनगरांच्या काही भागांत टाटा पॉवरचेही ग्राहक आहेत. दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. देयकात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार व वीज शुल्क अशा बाबी असतात. घरगुती दर १००, ३०० व ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो, म्हणून टप्प्याच्या सीमेजवळील थोडी बचतही उपयुक्त ठरते. ७५ वॉटचा जुना पंखा रोज १२ तास चालल्यास महिन्याला २७ युनिटे वापरतो. २८ वॉटच्या नव्या पंख्यास तेवढ्याच वेळेत सु. १० युनिटे लागतात.

संस्थेच्या मासिक देयकात सेवाशुल्क सर्व सदनिकांवर समान आकारले जाते, तर पाणीपट्टीची विभागणी नळांच्या संख्येनुसार होते. एकट्या वृद्धेच्या घरात पाच नळ असतील, तर तिला पाच नळांचाच आकार पडतो, मग वापर कितीही कमी असो. न वापरलेला नळ रीतसर कळवून बंद करणे त्यामुळे फायद्याचे ठरते. ५०० चौ. फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ताकर माफ आहे. तो लाभ संस्थेच्या देयकात उतरला आहे किंवा नाही, हे सभासदाने तपासून घ्यावे. देयके एका वहीत तारीखवार नोंदविल्यास अवाजवी वाढ चटकन लक्षात येते. देयक थकल्याने ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ अशा आशयाचे भ्रमणध्वनीवरील संदेश पाठवून वृद्धांना फसविण्याचे प्रकारही घडतात. अशा संदेशातील क्रमांकावर संपर्क न साधता मूळ देयकावरील क्रमांकावरच चौकशी करावी.

छंद व सामाजिक सहभाग : दुरुस्ती व हिशेब ही अनेक निवृत्तांच्या बाबतीत केवळ गरज राहत नाही. गिरणी, कारखाने, रेल्वे, बँका व शासकीय कचेऱ्या यांतून निवृत्त झालेल्यांचे हातचे कौशल्य त्यातून उपयोगात येते. गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापक समित्यांवर निवृत्त सभासद मोठ्या प्रमाणावर आढळतात. बिनमोबदल्याच्या त्यांच्या श्रमांवर उपनगरांतील हजारो इमारतींचा कारभार चालतो. मात्र सर्व भार दोघा-तिघांवर पडणे, तरुण सभासदांची अनास्था आणि हिशेबांवरून होणारे मनस्ताप हे या व्यवस्थेतील दोष होत. कागदपत्रांची नीट सूची करून ती वेळीच पुढील पिढीच्या हाती देणे हितावह असते.

इतर छंदांसाठीही उपनगरांत पुष्कळ सोयी आहेत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या (स्थापना १८९८) शाखा, विलेपार्ले येथील लोकमान्य सेवा संघ (स्थापना १९२३), मुलुंड येथील महाराष्ट्र सेवा संघ, तसेच कालिदास व प्रबोधनकार ठाकरे ही नाट्यगृहे यांभोवती वाचन, संगीत व नाटक यांची आवड जोपासली जाते. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सकाळच्या फेरफटक्यासाठी प्रसिद्ध आहे. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीतील लोखंडवाला भागातल्या एका उद्यानात पाच जणांसह सुरू केलेला हास्य क्लब पुढे अनेक देशांत पसरला. ठिकठिकाणचे ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळे व कुंड्यांतील बागकाम यांचाही या संदर्भात उल्लेख करता येईल. कुंड्यांचा भार व पाणी यांमुळे गच्चीच्या लेपाला इजा होणार नाही, एवढी काळजी त्यात घ्यावी लागते.