अष्टकोनी रूबिकचे कोडे

एर्नो रूबिक या वास्तुशिल्पाच्या अध्यापकाने १९७४ साली बुडापेस्टमध्ये बनविलेला पहिला घन लाकडी होता. पुढे हौशी कारागिरांच्या ध्यानात आले, की आतली रचना तशीच ठेवून बाहेरचा आकार बदलता येतो. त्यांतली सोपी करामत म्हणजे अष्टकोनी चिती. ती तुम्हांलाही जमेल.

५७ मिलिमीटर बाजूचा स्वस्त घन घ्या. त्याचा प्रत्येक थर १९ मिलिमीटरचा. उभ्या चार कडा तिरप्या कापायच्या, पण किती? सुसम अष्टकोन हवा असेल तर कोपऱ्यापासून १६.७ मिलिमीटरवर (पडताळा घ्या!). मग शेजारी जुन्या रंगाची २.३ मिलिमीटरची पट्टी उरते. ती विद्रूप दिसते, शिवाय पुढची गंमतही घालविते. म्हणून सुसमतेचा हट्ट सोडून नेमके १९ मिलिमीटरवर कापावे. ठोकळे बहुधा पोकळ असतात. ते सुटे करून आत एपॉक्सीची लांबी भरा आणि ती घट्ट झाल्यावरच करवत व कानस चालवा. घाई केलीत तर हाती भोके येतील! सहा रंग आहेतच. तिरप्या बाजूंना नवे चार द्या आणि रंग जुळलेल्या स्थितीतच ठोकळे जोडा.

आता कोडे विस्कटून नेहमीच्या रीतीने सोडवा. कधीतरी असे होईल, की सारे जुळले, पण वरच्या थरात कडेचा एकच ठोकळा उलटा राहिला. घन जाणणारा म्हणेल, हे अशक्य! त्याचे म्हणणे तपासू. थर पाव फेरा फिरविला, की कडेचे चार ठोकळे एकेक जागा पुढे सरकतात. एकच ठोकळा चार वेळा सरकविला, तर तो याच चार टप्प्यांतून मूळ जागी सुलटाच परततो. म्हणजे चार टप्प्यांत मिळून उलटणे सम वेळाच घडते. म्हणून उलट्या ठोकळ्यांची संख्या समच राहते; एक कधीच नाही.

मग दुसरा उलटा कोठे आहे? मधल्या थरात! तेथील कापलेल्या चार ठोकळ्यांना एकच रंग उरला आहे. उलटा आणि सुलटा सारखाच दिसतो. पुष्कळजण येथे कोडे बिघडले समजून ते खोलतात. तसे करू नका. कडेचे दोन ठोकळे एकदम उलटविण्याच्या चाली घन सोडविणाऱ्यांना ठाऊक असतात. त्या वरच्या ठोकळ्यावर आणि मधल्या थरातल्या एका ठोकळ्यावर वापरा. चारांपैकी कोणताही चालेल. का, ते तुम्हीच सांगा.