चंद्राचा दगड ओळखावा कसा?

जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकातल्या ॲलन हिल्सच्या बर्फावर अमेरिकी पथकाला जेमतेम ३१ ग्रॅमचा एक अशनी सापडला. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना स्मिथसोनियन संस्थेच्या ब्रायन मेसन यांना गडद खडकात रुतलेले पांढरट तुकडे दिसले. ते अपोलो मोहिमांनी आणलेल्या दगडांतल्या तुकड्यांसारखेच होते. चंद्रावरून आलेला म्हणून ओळखला गेलेला हा पहिला अशनी. खरे तर जपानी पथकाने १९७९ मध्येच असा एक दगड अंटार्क्टिकातून गोळा केला होता. त्याची ओळख मात्र नंतर पटली.

ही ओळख पटवणे सोपे नाही. बहुतेक अशनींमध्ये धातुरूप लोह असते, चुंबक त्यांना चिकटतो. चांद्र अशनीत ते नगण्य. ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण अशनीचे मूळ सांगते, पण चंद्र आणि पृथ्वी यांच्यात ते जवळजवळ एकच आहे. मग हा दगड पृथ्वीचाच नाही कशावरून? इथे पायरोक्सीन हे खनिज साक्ष देते. त्यातले लोह मँगनीजच्या साधारण ४० पट असेल तर खडक पृथ्वीचा, ६० पटीच्या आसपास असेल तर चंद्राचा. शिवाय चांद्र खडकांत पाणी धरून ठेवणारी खनिजे जवळपास नसतात, आणि वैश्विक किरणांच्या माऱ्याने तयार झालेली समस्थानिके दगड अंतराळात राहिल्याचे सांगतात.

वर्गीकरण चंद्राच्या चेहऱ्यावरूनच होते. उजळ उंचवट्यांचे दगड कॅल्शियमयुक्त प्लॅजिओक्लेजने भरलेले, तर काळ्या डागांचे म्हणजे बसाल्ट. बरेचसे मात्र ब्रेशिया: आघातांनी फुटून पुन्हा सांधले गेलेले. सह्याद्रीचा कातळही बसाल्टच, म्हणून नुसत्या रूपावर निवाडा करू नये.

अपोलोने ३८२ किलो दगड आणले, तेही चंद्राच्या पृथ्वीकडील बाजूच्या मोजक्या ठिकाणांहून. अशनी मात्र कोणत्याही आघातातून, चंद्राच्या मागच्या बाजूवरूनही उडून येऊ शकतात. म्हणून मला हे छोटे दगड अपोलोच्या खजिन्याइतकेच मोलाचे वाटतात. पण अपोलोचे नमुने हाती नसते, तर मेसन यांनी तुलना तरी कशाशी केली असती?

चंद्राचा तुकडा म्हणून आज बाजारात पुष्कळ दगड विकले जातात. पैसे मोजण्यापूर्वी त्याचे नाव मिटिऑरिटिकल सोसायटीच्या नोंदीत आहे का, हे जरूर पाहा.