कवी सरळ बोलत नाहीत!

पाणपोईवर एक वाटसरू ओंजळीनं पाणी पितोय. नजर वर, पाणी ओतणाऱ्या मुलीकडे. बोटं त्यानं मुद्दाम सैल सोडलीत, पाणी गळून जातंय, तहान काही केल्या भागत नाही. तीही काही कमी नाही. आधीच बारीक असलेली धार ती आणखी बारीक करते. झाली कविता, दोनच ओळींची! दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत आणि कवीही प्रेमाचं नाव काढत नाही.

ही गंमत आपल्याच मुलखातली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातल्या सातेकशे गाथांचा संग्रह. सातवाहन राजा हाल यानं तो सिद्ध केला, असं परंपरा सांगते. सातवाहनांची राजधानी पैठण, म्हणून गाथांमधून गोदावरी वाहते आणि माणसं भेटतात ती शेतकरी, पाटलाची लेक, सासू, वहिनी, दीर, वाटसरू अशी. देवाधर्माला इथे फारशी जागा नाही. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये हा संग्रह मराठीत आणला, त्याबद्दल त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडेच.

याच संग्रहातली दुसरी एक गाथा माझी फार लाडकी. नवरा परगावी गेलाय. किती दिवस झाले ते मोजायला बायको भिंतीवर रेघ ओढते. तो आज गेला, म्हणून एक रेघ. आज गेला, पुन्हा एक. आज गेला, आणखी एक. पहिल्या दिवसाची दुपार होते न होते, तोवर सगळी भिंत रेघांनी भरून जाते. विरह किती मोठा, हे सांगायला कवीनं डोळ्यांत पाणी आणलं नाही की उसासे टाकले नाहीत. त्याला एक भिंत पुरली.

पुरुष लिहितो, बाई बोलते

गाथांमध्ये बोलणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत. ही रीत मराठीनं पुढे कधी सोडली नाही. ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या विराण्या घ्या. देवासाठी झुरणारा जीव तिथे विरहिणी होऊन बोलतो. पेशवाईत शाहिरांनी लावणीत तेच केलं, फक्त देवाच्या जागी सखा आला. होनाजी बाळा हे नाव आपण एका दमात घेतो, पण ती माणसं दोन! होनाजी शिलारखाने लावण्या रचायचा, बाळा करंजकर त्या गायचा. बाईच्या मनातलं एका पुरुषानं लिहायचं, दुसऱ्यानं गळ्यातून काढायचं आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलवायच्या.

दोघं कवी-लेखक, दोघं अध्यक्ष

आत्माराम रावजी देशपांडे म्हणजे कवी अनिल. कुसुमावती देशपांडे म्हणजे मराठीतल्या नाणावलेल्या समीक्षक आणि कथालेखिका. लग्नाआधी दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं ‘कुसुमानिल’ या पुस्तकात आहेत आणि आजही वाचक ती हौसेनं शोधून वाचतात. अनिल १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९६१ मध्ये ग्वाल्हेरला कुसुमावती अध्यक्ष झाल्या, संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या गेल्या.

अनिलांनी एक छोटा घाट घडवला होता, दशपदी. नेमक्या दहा ओळी. मुक्तछंदाचा ज्यानं आयुष्यभर पुरस्कार केला, त्याच कवीनं उतारवयात दहा ओळींची चौकट आपणहून स्वीकारली. मला यात एक शहाणपण दिसतं. मोकळं रडायला मुक्तछंद पुष्कळ आहे, पण आठवणीला काठ लागतात. ‘दशपदी’ या संग्रहाला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

बेळगावची बाई

इंदिरा संत आणि त्यांचे पती ना. मा. संत यांचा कवितासंग्रह एकच, दोघांचा मिळून. नाव ‘सहवास’. १९४६ मध्ये ना. मा. गेले. इंदिराबाई तेव्हा पुरत्या पस्तिशीच्याही नव्हत्या. पदरी मुलं, बेळगावात शिक्षिकेची नोकरी. १९५१ मध्ये ‘शेला’ आला, मग ‘मेंदी’, ‘मृगजळ’, ‘रंगबावरी’.

या कवितांमध्ये टाहो शोधाल तर हात हलवत परत याल. तिथे पाऊस आहे, काळोख आहे, घरातली रोजची कामं आहेत आणि एक ‘तू’ आहे. तो समोर नाही, तरी बोलणं चालू आहे. दुःखाला मोठ्या शब्दांची गरज नसते, हे मराठी कवितेला इंदिराबाईंइतक्या ठामपणे फार थोड्यांनी दाखवलं. ‘गर्भरेशीम’ला १९८४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आठवणीचा वारसा घरातच राहिला, बरं का! ‘वनवास’ या पुस्तकातल्या लंपनला जन्म देणारे लेखक प्रकाश नारायण संत हे इंदिराबाईंचे चिरंजीव. ते दत्तक गेले होते आणि कागदोपत्री त्यांचं नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित होतं. लिहायला बसले तेव्हा मात्र जन्मदात्या वडिलांचं नाव लावून बसले. ‘वनवास’ वाचलेल्यांना ते का, हे वेगळं सांगायला नको.

झटपट काही

माधव ज्यूलियन फारसीचे प्राध्यापक. मराठीत गझल रुजवायला त्यांनी १९३३ मध्ये ‘गज्जलांजलि’ दिली. पुढे याच फारसीच्या पंडितानं ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून परकीय शब्दांविरुद्ध कंबर कसली!

गझलेत प्रत्येक शेर स्वतंत्र, स्वतःपुरता पूर्ण. एक शेर प्रेमाचा, लगेच पुढचा मरणाचा, तरी काही बिघडत नाही, कारण शेवटी रदीफ तोच शब्द पुन्हा आणून ठेवतो. आठवणसुद्धा अशीच येते, कुठूनही निघा, तिथेच आणून सोडते. सुरेश भटांनी नवशिक्यांसाठी या तंत्राची ‘गझलेची बाराखडी’च लिहून ठेवली.

कवी माणिक गोडघाट्यांना ‘ग्रेस’ हे नाव सापडलं ते इंग्रिड बर्गमनच्या सिनेमातल्या एका वाक्यात. आणि शांता शेळक्यांनी काही चित्रपटगीतं लिहिली ती ‘डॉ. वसंत अवसरे’ होऊन.

जात्याजवळचे कवी

आणि ज्यांचं नाव कुठल्याच पुस्तकावर नाही, त्या कवयित्री? पहाटे जात्याशी बसून ओव्या रचणाऱ्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा दंडक, म्हणून ओवीत तो ‘कंथ’ किंवा ‘भरतार’. तोच दंडक मोडायची सभ्य पळवाट म्हणजे उखाणा. यमकाच्या आडोशानं नाव घेतलं की कुणाची हरकत नाही. ओव्यांमध्ये ‘अहेव मरण’ फिरून फिरून येतं. नवऱ्याआधी, कपाळी कुंकू असताना जावं, ही मागणी. ती प्रेमाची, की वैधव्यात वाट्याला येणाऱ्या हालांच्या धास्तीची? मला वाटतं दोन्हींची, आणि म्हणूनच ती ऐकताना पोटात कालवतं.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरुणपणीच वैधव्य आलं, तरी गाणी थांबली नाहीत. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी ती उतरवून घेतली, आचार्य अत्र्यांनी हेरली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. बहिणाबाई त्याच्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

बाकीच्या बायकांच्या ओव्या गिरण्या आल्यावर जात्याबरोबर जायच्याच होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून त्या गोळा केल्या, लाखाहून जास्त. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर त्यांतल्या कित्येक मूळ आवाजात ऐकता येतात. ऐकाच.