लाईटच्या पाळीत गेलेली झोप

उसाला पाणी पाजायचं तर लाईट हवी, आणि कोल्हापूर जिल्ह्यात शेतीची लाईट वर्षानुवर्षं आलटून-पालटून येत आली आहे: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी लागली की करवीर-राधानगरीपासून शिरोळपर्यंतचा शेतकरी बॅटरी घेऊन बांधावर जातो, मोटर चालू करतो आणि सरीमागून सरी दारं मोडत पहाटेपर्यंत पाण्यामागं फिरतो. घरी येतो तेव्हा धारांची वेळ झालेली असते. डेअरीला दूध घालून आलं की जमलं तर तासभर आडवं व्हायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर धरणं धरलं, ते शेतीला दिवसा दहा तास वीज मिळावी म्हणून. रात्रीच्या पाण्याचा विषय निघाला की साप, विंचू, गवे यांची भीती बोलली जाते. झोपेचंही तितकंच बोललं पाहिजे, कारण तिचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

झोप दोन गोष्टींवर चालते. माणूस जितका वेळ जागा, तितकं त्याच्या मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. झोप अनावर होते ती त्यामुळं, आणि झोपेतच ते ओसरतं. चहातलं कॅफीन फक्त या रसायनाचं काम अडवून धरतं, साठा कमी करत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूतलं घड्याळ. ते उजेडावर लागतं आणि अंधार पडला की झोपेची तयारी करतं. रात्रभर जागलेला माणूस सकाळी नऊला आडवा होतो तेव्हा साठा झोप मागत असतो आणि घड्याळ उठवत असतं. म्हणून दिवसाची झोप तुटक होते, कितीही दमलेलं असलं तरी. त्यात पाळी चार दिवसांनी बदलली तर घड्याळ रात्रीलाही सरावत नाही आणि दिवसालाही धड राहत नाही.

‘आता सवय झालीय’ हे वाक्य इथं सर्रास ऐकू येतं. ते मनापासूनचं असतं, पण खरं नसतं. अमेरिकेत व्हान डोंगेन, डिंजेस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी माणसांना सलग १४ रात्री कमी झोपू दिलं. रोज सहा तास झोपणाऱ्यांचं अवधान दोन आठवड्यांत इतकं घसरलं, जणू ते एक-दोन रात्री मुळीच झोपले नव्हते. त्यांना स्वतःला मात्र थोडीशीच पेंग जाणवत होती. म्हणजे थकवा कळणं थांबतं, थकवा थांबत नाही. ओल्या हातानं स्टार्टरजवळ जाणाऱ्या किंवा पहाटे मोटारसायकलवरून घरी परतणाऱ्या माणसासाठी हा फरक जिवाचा आहे.

मग हे भरून निघतं का? निघतं, पण सोसायटीचं कर्ज एकरकमी फेडावं तसं नाही. १९६३-६४ मध्ये रँडी गार्डनर हा अमेरिकी मुलगा ११ दिवस जागा राहिला, आणि पहिल्या झोपेत साधारण १४ तासच झोपला. गेलेले तास शरीर मोजून परत घेत नाही. आधी गाढ झोप वसूल करतं, तीही रात्रीच्या पहिल्या भागात. स्वप्नांची झोप मागाहून येते. म्हणून पहिल्या चांगल्या रात्रीनंतर माणूस ताजातवाना होतो आणि सगळं फिटलं असं समजून पुन्हा जागायला लागतो. फसगत होते ती इथंच. आठवडाभर कमी झोपलेल्यांना नंतर तीन रात्री आठ-आठ तास झोपू दिलं तरी त्यांची तत्परता पूर्ववत झाली नव्हती, असं २००३ च्याच आणखी एका प्रयोगात दिसलं. महिनोन् महिन्यांची तूट असेल तर हिशेब आठवड्यांत धरावा.

दिवसाची लाईट असलेले दिवस या भरपाईचे. त्या दिवसांत सकाळी दहापर्यंत लोळण्यापेक्षा रात्री एक-दीड तास लवकर अंथरुणावर जावं. उठायची वेळ रोज तीच ठेवावी, आणि उठल्यावर अर्धा तास उघड्यावर, उन्हात असावं. घड्याळ लागतं ते याच उजेडानं. शेतकऱ्याला हे सोपं आहे, शहरातल्या माणसाहून सोपं. सुरुवातीला स्वप्नं फार पडतील, दिवसा अंग जड वाटेल. ते बिघडल्याचं लक्षण नव्हे. दुपारी जेवणानंतर अर्धा तास डोळा लागला तर चांगलंच. कोल्हापूरच्या तालमींत पैलवान पहाटेची मेहनत आणि खुराक झाल्यावर दुपारी झोपतात, त्याला कुणी आळस म्हणत नाही.

रात्रीच्या पाळीआधी संध्याकाळी तास-दीड तास झोपून मगच शेताकडं जावं. चहा मध्यरात्रीपर्यंतच घ्यावा. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. परत आल्यावर खोली अंधारी करून तीन-चार तास सलग झोप घ्यावी, आणि तेवढ्या वेळापुरती धार घरातल्या दुसऱ्या कुणी काढावी. मात्र ती काढणारी बाई असेल तर तीही रात्री जागलेली नसावी. तिच्या झोपेचा हिशेब बहुतेक घरांत कुणी ठेवत नाही.

काही वेळा सगळं पाळूनही झोप सुधारत नाही. मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, दिवसा बोलता बोलता डोळा लागणं, किंवा वेळ आणि अंथरूण असूनही तीन महिने झोप न येणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडं जावं. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत. श्वास अडकणाऱ्याला त्यांतल्या काही धोक्याच्या ठरतात.

दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना आली आहे. आपल्या फीडरवर ती पोचेपर्यंत हातात जे आहे ते करावं. ठिबक असेल तर रात्रभर दारं धरावी लागत नाहीत. पाटपाणी असेल तर शेजारच्या बांधकऱ्याशी पैरा ठरवावा: एका रात्री दोघांच्या सऱ्या त्यानं पाहायच्या, दुसऱ्या रात्री आपण. भांगलणीला, लावणीला पैरा करतोच आपण. पाण्यालाही करता येतो, आणि आठवड्यातल्या निम्म्या रात्री तरी अंथरुणावर जातात.