मुलांचं बोट धरून कोल्हापूर

मे महिना उजाडला की कोल्हापुरातल्या पुष्कळ घरांत एक ठरलेला प्रसंग घडतो. पुण्या-मुंबईची भाचरं सुटीला येऊन दाखल होतात आणि दुसऱ्याच दिवशी घरातला कर्ता माणूस जाहीर करतो, "उद्या सगळ्यांना कोल्हापूर दाखवून टाकू!" मग सकाळी सातला अंबाबाईचं दर्शन, नऊला न्यू पॅलेस, अकराला कणेरी, जेवण उरकून जोतिबा, तिथून पन्हाळा आणि परतताना रंकाळ्यावर भेळ. संध्याकाळी मोठी माणसं थकलेली, धाकटी पोरं गाडीत कलंडलेली, आणि दाखवणाऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र कर्तव्य पार पाडल्याचं समाधान.

हा अपराध मीही केलेला आहे. असाच एक दिवस पार पाडून मी माझ्या सात वर्षांच्या भाचीला रात्री विचारलं, "काय काय पाहिलंस गं?" तिनं बराच विचार केला आणि सांगितलं, "मामा, एक म्हैस मोटारसायकलच्या मागे पळत होती."

मला आधी हसू आलं, मग थोडी लाज वाटली. तिनं पाहिलं ते खरंच होतं. आमच्याकडे हौशी गवळी आपल्या म्हशींना मोटारसायकलमागे पळायला शिकवतात आणि दिवाळीच्या पाडव्याला त्यांना सजवून, शिंगं रंगवून मिरवतात. सबंध दिवसात आम्ही दाखवलेलं एकही तिला आठवलं नाही. तिचं तिनं शोधलेलं तेवढं आठवलं. तेव्हापासून मी आमच्या घरापुरता एक नियम केला: एका दिवशी एक ठिकाण, आणि त्या ठिकाणाहून मुलानं एक प्रश्न घरी आणायचा. बाकी सारं राहिलं तर राहू द्यावं. कोल्हापूर कुठं पळून जात नाही. अर्थात हे शेवटचं वाक्य पुरतं खरं नाही. ते का, हे पुढे येईलच.

आरंभ रंकाळ्यापासून करू. संध्याकाळची चौपाटी, भेळ, पलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण काठाशी नंदीचं देऊळ आहे, तिथं फार थोडी मुलं नेली जातात. या नंदीची एक गोष्ट कोल्हापुरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. तो म्हणे रोज एक गव्हाएवढा पुढे सरकतो आणि एक तांदळाएवढा मागे येतो. असं करत करत ज्या दिवशी तो रंकाळ्याच्या पाण्याला पोचेल, त्या दिवशी जगबुडी!

ही गोष्ट सांगून मी गप्प बसलो. घरी आल्यावर भाचीनं आजीकडून मूठभर गहू आणि मूठभर तांदूळ मागून घेतले. दहा गहू ओळीनं मांडले, खाली दहा तांदूळ मांडले. घरात आजऱ्याचा घनसाळ होता. तो आखूड दाण्याचा. गहू जिंकले! म्हणजे नंदी पुढे सरकतो आहे! पोरीचा चेहरा उतरला. मग हिशेब झाला. दाण्यामागे एका मिलिमीटरचा फरक धरला, तरी वर्षाला ३६५ मिलिमीटर, म्हणजे फुटाहून थोडं जास्त. शंभर वर्षांत जवळजवळ १२० फूट. "पण मग तो अजून देवळातच कसा?" असा प्रश्न निघाला. तेवढ्यात तिच्या आईनं डब्यातला बासमती आणून मांडला, आणि तांदूळ गव्हाच्या पुढे गेला. "मग नंदीला रोज बासमतीच मोजायला सांगायचं!" असा निकाल लागून त्या रात्री जग वाचलं. गुणाकार, मापं आणि तांदळाच्या जाती, एवढं सगळं एका नंदीनं शिकवलं. शाळेत याला किती तास लागले असते कोण जाणे.

रंकाळ्यावर मुलं आणखीही एक प्रश्न विचारतात: "पाण्याला वास का येतो?" याला गोष्टीचं उत्तर चालत नाही. शहराचं सांडपाणी ओढ्यांतून तळ्यात उतरत आलं आहे. त्या सांडपाण्यातल्या खतावर केंदाळ माजतं आणि ते माजलं की खालच्या पाण्याला उजेड मिळत नाही, हवा मिळत नाही. केंदाळ काढलं जातं, पुन्हा वाढतं. हे मुलाला सरळ सांगावं. बगळे आणि पाणकावळे कुठल्या काठाला जास्त बसतात, कुठल्या काठाला नाही, हे मोजायला सांगितलं तर त्याचं ते पुष्कळ काही ओळखतं.

आता टाऊन हॉल. ही काळ्या दगडाची उंच टोकदार इमारत १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिली. १९४६ साली सुरू झालेलं कोल्हापूरचं वस्तुसंग्रहालय आज इथंच आहे, आणि भोवती बाग आहे. मुलांना संग्रहालयात नेताना माझा हट्ट असा, की सगळी कपाटं पाहायची नाहीत. एकच मूर्ती पाहायची आणि बागेत डबा खायचा. ती मूर्ती म्हणजे पोसायडनची, ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची. कांशाची, वीतभरसुद्धा नाही. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात ती सापडली. तिथं त्या काळात झालेल्या उत्खननांत सातवाहनांच्या वेळची वसाहत उजेडात आली.

मुलाला एवढंच विचारावं, "समुद्राचा देव घाटावर कशाला आला असेल रे?" इथून समुद्र शे-सव्वाशे किलोमीटर, मधे सह्याद्री उभा. मग नकाशा काढायचा आणि इटलीपासून तांबड्या समुद्रातून कोकणच्या बंदरापर्यंत दोरा धरायचा. रोमची गलबतं पावसाळी वाऱ्यावर येत, आपल्याकडचं कापड आणि मसाले नेत. बंदरावरून माल बैलांच्या पाठीवर घाट चढून वर येई. अशा एखाद्या तांड्याबरोबर तो देव आला असेल. कोणाच्या पिशवीत, कशासाठी, हे ज्यानं त्यानं रचावं. आमच्या भाच्यानं रचलं ते असं: एका खलाशानं तो देव जेवणाच्या बदल्यात एका कोल्हापूरकराला दिला. कोल्हापूरचं जेवण पाहता हे मला अशक्य वाटत नाही.

न्यू पॅलेस मी दोन वाक्यांत आटोपतो. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला हा राजवाडा देखणा आहे, आत शस्त्रं आणि शिकारीची जनावरं आहेत, मोठी मुलं रमतात. पाच वर्षांखालची पोरं 'हात लावू नको' हे वाक्य दहादा ऐकून बाहेर येतात आणि आवारातली हरणं पाहून खुलतात.

अंबाबाईच्या देवळात मुलांना केव्हाही न्यावं. पण वर्षातून दोनदा तिथं एक मोठाच खेळ चालतो. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळतीचे किरण पश्चिमेच्या महाद्वारातून शिरून थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी ते देवीच्या चरणांना, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचावेत, असा हा किरणोत्सव. पण नेमक्या दोनदाच का? उत्तर सोपं आहे आणि फार सुंदर आहे. सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. दिवाळीच्या सुमाराला तो पश्चिमेकडून दक्षिणेला सरकत असतो. २१-२२ डिसेंबरला तो शेवटच्या टोकाला जातो आणि परत फिरतो. म्हणजे जाताना ज्या जागेवरून गेला, त्याच जागेवरून येताना पुन्हा जाणार! आता बोटं मोजा: १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस, आणि २१ डिसेंबरपासून ३१ जानेवारीपर्यंत पुन्हा ४१ दिवस. देऊळ बांधणाऱ्यांना हे गणित येत होतं.

त्या दिवशी गर्दीत मुलाला आतलं काही दिसत नाही. त्यापेक्षा महाद्वाराशी उभं राहून त्याला स्वतःची सावली कुठं जाते ते पाहायला सांगावं. सूर्याकडे टक लावू देऊ नये. आणि तुमच्या घराला गच्ची असेल तर सोन्याहून पिवळं! एकाच जागी उभं राहून १० नोव्हेंबरला, २१ डिसेंबरला आणि ३१ जानेवारीला सूर्य कोणत्या झाडामागे, कोणत्या टाकीमागे बुडतो, याची खूण मुलानं कागदावर करावी. किरणोत्सव घरच्या घरी!

पण मघाशी मी म्हटलं, कोल्हापूर पळून जात नाही हे पुरतं खरं नाही. महाद्वार रस्त्याच्या बाजूच्या उंच इमारतींची बांधकामं किरणांच्या वाटेत येतात. त्यांची पाहणीही झालेली आहे. कधी ढग, कधी हवेतला ओलावा आणि कधी ह्या इमारती. काही वर्षी किरण मुखापर्यंत पोचतच नाहीत. शेकडो वर्षं सूर्यानं वेळ पाळली, आणि आपण मधे एक मजला चढवला. मुलानं विचारलं, "मग ते पाडत का नाहीत?" तर काय सांगायचं, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मला अजून धड उत्तर देता आलेलं नाही.

खासबाग मैदानाची गोष्टही अशीच दुहेरी आहे. शाहू महाराज १९०२ साली इंग्लंडच्या राजाच्या राज्यारोहणाला गेले, रोमचं जुनं क्रीडांगण त्यांनी पाहिलं, आणि १९१२ साली कोल्हापुरात बशीसारखं खोलगट कुस्तीचं मैदान उभं राहिलं. बशीच का? एका मुलाला वरच्या कडेला बसवा, दुसऱ्याला मधल्या आखाड्याजवळ उभं करा. कुठंही बसलं तरी पुढच्याचं डोकं आड येत नाही. पागोटं असलं तरी नाही! मैदानाला लागूनच १९१५ साली खुलं झालेलं पॅलेस थिएटर, पुढे ज्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळालं. त्या सकाळी लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. नाटक न पाहिलेल्या मुलाला हे कसं समजावं? म्हणून मी म्हणतो, जे आहे ते आधी दाखवून घ्या.

कुस्तीचं मैदान नेहमी नसतं, पण तालमी रोज असतात. गंगावेस, मोतीबाग यांसारख्या तालमीत सकाळी वस्तादांची परवानगी काढून जावं. मुलगी बरोबर असेल तर तेही आधी विचारून घ्यावं; आता मुलीही कुस्ती खेळतात. चपला बाहेर काढायच्या, हौद्यात पाय ठेवायचा नाही. ती तांबडी माती नुसती माती नव्हे. तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद, काव असं काय काय मिसळलेलं असतं. चिमूटभर हातावर घेऊन मुलाला वास घेऊ द्यावा. संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. "घे की पोरा, मिशी आली पाहिजे!" असा आग्रह होतो. पाहायला जरूर न्यावं. पण आजचे डॉक्टर लहान मुलांना न तापवलेलं दूध देऊ नका म्हणतात, आणि ते ऐकावं. किटलीतून घरी आणून उकळावं. मिशी तरीही येते.

पन्हाळ्याला मात्र सबंध दिवस द्यावा. शहरापासून २० किलोमीटर. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. मुलांना मी तिथं प्रथम अंधारबावडीत नेतो. वरून साधी दगडी इमारत, खाली उतरत गेलं की मजल्याखाली मजला, आणि तळाशी विहीर. विहीर अशी झाकून का ठेवली? १६६० साली सिद्दी जौहरनं या गडाला चार महिन्यांवर वेढा घातला होता, हे मुलांना ठाऊक असतं. शिवाजी महाराज पावसाळी रात्री निसटले, बाजीप्रभूंनी खिंड लढवली, तेही ठाऊक असतं. पण वेढ्यात माणसं पितात काय? शत्रूनं पाण्यात विष घातलं तर? त्या काळोख्या पायऱ्यांवर हा प्रश्न आपोआप पडतो, आणि मग मुलं आपापली पाण्याची बाटली जरा जपून धरतात.

शेवटी एक ठिकाण सांगतो, ते कोणत्याच यादीत नसतं. गणपतीच्या आधी महिना-दोन महिने शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जावं. अर्धवट रंगलेले शेकडो गणपती ओळीनं बसलेले असतात. कुणाला डोळे नाहीत, कुणाला सोंड नाही. गेल्या खेपेला आमची भाची तिथं तासभर हलली नाही. निघताना तिचं लक्ष एका भिंतीवरच्या रंगाच्या रेघेकडे गेलं. शेजारी २०१९ लिहिलेलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आमच्याकडची पोरं पाढ्यांसारखं पाठ म्हणतात. त्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली होती, आणि २०२१च्या जुलैत पुन्हा. पुण्याच्या पोरीला यातलं काही माहीत नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली, टाचा उंचावल्या, हात वर केला. रेघ वरच राहिली. मग म्हणाली, "मामा, मला खांद्यावर घे." घेतलं. आतून काम करणारे आजोबा हातातला कुंचला थांबवून बघत होते. ते म्हणाले, "अजून थोडं वर, बाळ."