एक प्रोसेसर, दोन खेळाडू

दोन बुद्धिबळ इंजिने एकाच संगणकावर खेळू लागली की प्रोसेसरची वाटणी हीदेखील निकालाची एक बाजू होते. सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. 1974 साली स्टॉकहोमला पहिली जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धा सोव्हिएत प्रोग्रॅम 'कैसा'ने जिंकली. तेव्हा त्याचे यंत्र मॉस्कोत होते आणि चाली टेलिफोनवरून कळवल्या जात. पुढे बुद्धिबळ संगणकांची क्रमवारी लावणाऱ्या स्वीडनच्या एसएसडीएफ यादीनेही दोन वेगळे संगणक समोरासमोर ठेवण्याची शिस्त पाळली.

घोळ झाला तो 1996 ते 2005 या दशकात. इंजिनांचे सामने लावून देणारे टिम मान यांचे विनबोर्ड फुकट मिळू लागले, नोव्हेंबर 2000 मध्ये इंजिने अशा प्रोग्रॅमांना जोडणारा यूसीआय प्रोटोकॉल आला आणि रात्रभर सामने लावून सकाळी निकाल पाहणे कोणालाही जमू लागले. मात्र तेव्हा घरात येणारा संगणक एकाच कोअरचा असे.

खरी मेख होती पॉन्डरिंगमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या वेळात आपला विचार चालू ठेवण्यात. दोन्ही इंजिने पॉन्डरिंग करत असतील तर प्रोसेसर निम्मा-निम्मा वाटला जाई आणि नुकसान सारखेच होई. पण एकच करत असेल तर? समजा प्रत्येक चालीला 60 सेकंद आहेत. न करणाऱ्याला स्वतःच्या पाळीत जेमतेम 30 सेकंदांचे काम मिळे. करणाऱ्याला स्वतःच्या पाळीत पूर्ण 60 सेकंदांचे मिळे, शिवाय समोरच्याच्या पाळीतून ओढलेले 30 सेकंदांचे वेगळे. अंदाज खरा ठरला तर तेही कामी येत. घड्याळ मात्र दोघांचे सारखेच पळे. काही इंजिने पॉन्डरिंग बंद असतानाही पुढच्या आज्ञेची वाट पाहत प्रोसेसर अडवून बसत. टास्क मॅनेजर उघडला की हे उघड दिसे, पण उघडतो कोण! अशा सामन्यांवरून इंजिनांची क्रमवारी लावली गेली आणि तिच्यावर हिरिरीने वादही झाले.

2002 च्या अखेरीस पेंटियम 4 मध्ये हायपरथ्रेडिंग आले आणि दोन प्रोसेसर असल्याचा भास निर्माण झाला. प्रत्यक्षात गणन-एकके आणि कॅश सामाईकच होती. फेब्रुवारी 2005 मध्ये 'आइनस्टाइन@होम' सुरू झाले. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेची माहिती हा प्रकल्प लोकांच्या रिकाम्या संगणकांवर तपासून घेई. हे काम सर्वांत खालच्या प्राधान्याने चाले, त्यामुळे इंजिनाला त्याचा त्रास नाही असा समज होता. हायपरथ्रेडिंगवर तो खोटा ठरे: दुसरा आभासी प्रोसेसर रिकामा दिसला की तिथे हे काम घुसे आणि इंजिनाचा वेग खाई.

त्याच वर्षी दोन कोअरचे प्रोसेसर बाजारात आले आणि वाद बराच निवळला. इंजिनांची क्रमवारी लावणारी सीसीआरएल यादी आणि टीसीईसी ही इंजिनांची स्पर्धा यांनी पॉन्डरिंग बंद ठेवण्याची वाट धरली. एका वेळी एकच इंजिन विचार करत असल्याने एक यंत्रही पुरू लागले.

तरीही डिसेंबर 2017 मध्ये जुनीच चूक नव्या थाटात झाली. अल्फाझीरो या इंजिनाने स्टॉकफिश 8 या इंजिनाविरुद्ध 100 पैकी 28 डाव जिंकले, 72 बरोबरीत सोडवले. स्टॉकफिशला 64 थ्रेड दिले होते, पण हॅश टेबल, म्हणजे तपासलेल्या स्थिती साठवण्याची जागा, अवघा 1 जीबीचा आणि प्रत्येक चालीला ठरीव एक मिनिट. स्टॉकफिशचे एक कर्ते टोर्ड रोमस्टाड यांनी यावर आक्षेप घेतला, तो रास्तच होता. 2018 च्या सुधारित सामन्यात 32 जीबी हॅश आणि नेहमीचे घड्याळ मिळाले. 1000 डावांत अल्फाझीरोने 155 जिंकले, 6 हरले. सरशी कायम राहिली, पण पहिल्या निकालाची शोभा कमी झाली ती झालीच.

2021 पासून घरगुती प्रोसेसरांत वेगवान आणि काटकसरी कोअर शेजारी-शेजारी बसू लागले आहेत. कोणत्या इंजिनाला कोणता कोअर मिळेल हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते, आणि यंत्र तापले की वेगही उतरतो. पूर्वीची अन्याय्य वाटणी निदान मोजता येत होती. आजची डाव चालू असतानाच बदलते. म्हणून पॉन्डरिंग, थ्रेड, हॅश आणि यंत्र यांचा उल्लेख नसलेला सामन्याचा निकाल हा पुरावा नव्हे, नुसती करमणूक समजावी.